खिडकीतल्या आजीचं रडणं

खिडकीतल्या आजीला रडायचं होतं आणि काही केल्या तिला रडू येत नव्हतं. कारण एवढंच. पण त्यापायी अख्खा तांडा कामाला लागला.

ही आजी कोण, ते घरात लहान मूल असलेल्यांना सांगायला नको. संध्याकाळी टीव्हीवर ‘उचापती गल्ली’ नावाचं कार्टून लागतं. त्यातला बंटू नावाचा पोरगा रोज गल्लीत काहीतरी फोडतो. फुटल्याचा आवाज झाला की वरच्या मजल्याची खिडकी धाडकन उघडते, पांढऱ्या केसांचं आणि भल्या मोठ्या नाकाचं एक डोकं बाहेर येतं, ‘थांब, येऊनच राह्यली मी!’ असं ओरडतं आणि खिडकी बंद होते. झालं आजीचं काम. ती कधीच खाली येत नाही. तिला पाय आहेत की नाहीत, हे चित्र काढणाऱ्यालाही ठाऊक नसावं. तरी पोरं बंटूला सोडून खिडकीकडेच डोळे लावून बसतात.

या आजीचा आवाज हंसाबाईंचा. हंसाबाई म्हणजे मुकुटबनजवळच्या बंजारा तांड्यावर राहणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापक रामसिंग आडे गुरुजींच्या मंडळी. त्यांचा मुलगा इंद्रजीत पुण्याला कार्टून काढणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. एकदा त्यानं ऑफिसातून घरी फोन लावला, तेव्हा हंसाबाई पुसलेल्या फरशीवरून चिखलाच्या पायांनी गेलेल्या गुरुजींना झापत होत्या. फोन स्पीकरवर होता. पुण्याचं ऑफिस हसून हसून लोळलं आणि खिडकीतल्या आजीला आवाज मिळाला. तेव्हापासून इंद्रजीत सणाला घरी आला की आईला दोन-चारदा मुद्दाम चिडवून पुढच्या सणापर्यंत पुरेल एवढं रागावणं भरून न्यायचा.

गुरुजींना आधी हे झोंबलं होतं. दर सव्वीस जानेवारीला त्यांनी भाषण ठोकलं, पण त्यातलं एक वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं असेल तर शपथ. आणि इकडे बायकोचं एक वाक्य वणीच्या बस स्टँडवर कंडक्टर प्रवाशांच्या अंगावर फेकत होते. पण गुरुजी हाडाचे शिक्षक. मत्सर करायचा तर अभ्यास करून करावा म्हणून ते रोज कार्टून बघू लागले, आणि बघता बघता आजीचे भक्त झाले. आजी धमकी देत नाही, येण्याचं वचन देते. ती येत नाही म्हणूनच तिचा धाक टिकतो. आणि ती रोज खिडकी उघडते याचा अर्थ तिचा जीव त्या पोरात अडकलेला आहे, हे सगळं त्यांनी लालसिंगला समजावून सांगितलं होतं. लालसिंग म्हणजे शेजारी, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "गुरुजी, तुमची तब्येत बरी हाय ना?"

अशात माघ महिन्यात इंद्रजीतचा फोन आला. बंटू गल्ली सोडून दुसऱ्या शहरात चालला आहे, असा एक भाग कंपनी काढत होती. त्यात आजी पहिल्यांदाच रडणार होती. खिडकी उघडून ती म्हणणार, ‘अरे, मले टाकून कुठं चालला रे तू?’ मग बंटू विसरलेला चेंडू न्यायला परत फिरतो आणि तीच आजी त्याला डोळे पुसायच्या आत झापते. "बाबा, साहेब म्हन्तात, रडनं आईकडून होनार नाई. शुक्रवारपर्यंत चांगलं रेकॉर्डिंग आलं तर ठीक, नाई तर ते मुंबईची बाई घेतीन. अन् एकदा ती आली का मंग आजी तिचीच. मधातच आवाज बदलवता येत नाई. मले सुट्टी भेटत नाई, तुमी पाहा काही जमते का."

"नाई तर नाई," हंसाबाई म्हणाल्या. "मले का त्याच्यावर पोट भरा लागते?" आणि त्या तांदूळ निवडायला बसल्या. गुरुजींनी पाहिलं, ते तांदूळ सकाळीच निवडून झाले होते.

गुरुजींना एक गोष्ट ठाऊक होती. कार्टून संपताना जी नावं भराभर वर पळतात, त्यांत एक ओळ असते : ‘खिडकीतली आजी – हंसाबाई आडे’. वणीला दिलेली त्यांची लेक अंजू हिनं ती ओळ मोबाइलवर थांबवून आईला दाखवली होती. रेशन कार्डात, मतदार यादीत, लग्नपत्रिकांत, सगळीकडे हंसाबाईंचं नाव कुणाच्या तरी मागून आलेलं. इथे ते एकटं उभं होतं. हंसाबाईंना वाचायला वेळ लागतो. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. गुरुजींना त्या ओळीत आपलं नाव नसल्याचं क्षणभर वाईट वाटलं होतं, आणि मग त्या वाईट वाटण्याचीच लाज वाटली होती.

म्हणून ते छाती काढून म्हणाले, "रेकॉर्डिंगची जबाबदारी माही."

त्या घरात आजवर जे जे मोडलं, ते या वाक्यानंतरच मोडलं होतं. हंसाबाईंनी काचेचे ग्लास आतल्या फळीवर नेऊन ठेवले.

पहिला प्रयत्न ओसरीवर झाला. हंसाबाईंनी ‘मले टाकून कुठं चालला रे तू’ हे वाक्य हजेरीला ओ द्यावी तसं म्हटलं. रडणं राहिलं बाजूला, त्या मोबाइलमध्ये कोळशाचे ट्रक, समोरच्या रामरावची पिठाची गिरणी, कचरागाडीचं गाणं आणि पलीकडच्या तांड्यावर हळद होती तिथला डीजे, एवढं सगळं स्वच्छ आलं. आलं नाही ते फक्त हंसाबाईंचं वाक्य. इंद्रजीत म्हणाला, "बाबा, आधी शांतता पाह्यजे."

शांतता ही गोष्ट कुठे मिळते, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही. गुरुजी इस्त्रीचा बुशशर्ट घालून आधी ठाण्यात गेले. एक दुपार तांड्यावर कुणी आवाज करू नये, अशी परवानगी त्यांना हवी होती. जमादारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, "गुरुजी, आवाज कराची परवानगी मांगा. छापील अर्ज हाय. लगन, मिरवनूक, भजन, जे म्हनसान ते. आवाज न कराची परवानगी आजलोक कोनी मांगतलीच नाई, म्हनून तिचा अर्जच नाई. तुमी डीजेची परवानगी घ्या अन् वाजवू नोका." गुरुजींना हा सल्ला आतून पटला होता, पण तो शेजाऱ्यांच्या डीजेला लागू पडत नव्हता.

मग ते ग्रामसेवकांच्या मागे लागले. ग्रामसेवक तीन गावांचे एक, त्यामुळे ते नेहमी उरलेल्या दोन गावांत असत. शेवटी ते चहाच्या टपरीवर सापडले. त्यांनी वाट दाखवली. "कागदाच्या भानगडीत पडू नोका, गुरुजी. घरात कोनी आजारी असन, तर लोकं आपसूक चूप राह्यतात. मानुसकी हाय अजून."

खरं कारण सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हंसाबाईंना रडता आलं नाही आणि मुंबईची बाई आली, तर तांडाभर हसं होईल, ही भीती गुरुजींना होती. बायकोचं हसं झालेलं त्यांना चालणार नव्हतं. म्हणून, जन्मभर मुलांना ‘नेहमी खरे बोलावे’ गिरवायला लावणाऱ्या माणसानं गिरणीवाल्या रामरावसमोर छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, "जरा धडधडून राह्यलं इथं. तुह्या गिरनीच्या आवाजानं जास्तच होते."

रामराव मनाचा मोठा. त्यानं शुक्रवारी गिरणी बंद ठेवायचं कबूल केलं. "नाई तरी गिरनीच्या दगडाले टाकी लावाचं काम आलंच हाय, मी वणीले जाऊन येतो," म्हणाला. वर लसूण मधात घालून खायला सांगितलं. पण माणुसकी एकदा जागी झाली की ती घरी येऊन बसते. संध्याकाळपर्यंत ओसरी भरली. लालसिंग म्हणाला, "गुरुजी, छाती म्हन्जे इंजन. चढावर गेअर बदलवू नोका." एकानं अर्जुनाची साल आणली. एक जण डाव्या कुशीवर झोपू नका म्हणाला आणि दुसरा उजव्या. कुणी म्हणालं, वणीला जाऊन ईसीजीची पट्टी काढा. कुणी म्हणालं, पट्टी काढली की माणूस घाबरून जातो. यवतमाळला एका चुलत्याला कसं चहा पिता पितानाच झालं, हे तिघांनी तिघा चुलत्यांबद्दल सांगितलं. गुरुजींना रात्री खरोखरच धडधडल्यासारखं वाटू लागलं.

तरी शुक्रवार उजाडला तो निःशब्द. गिरणी बंद. कचरागाडीवाला गाणं बंद करून हलक्या पावलांनी कचरा घेऊन गेला. लालसिंगनं बोअरची मोटर लावली नाही. डीजेवाल्यांनी तर गाडी लांबून वळवून नेली. लोकांच्या या चांगुलपणानं गुरुजींचं मन इतकं खाऊ लागलं की त्यांना सकाळची भाकर गेली नाही.

आता खोलीचा प्रश्न. इंद्रजीतच्या मते खोली घुमायला नको होती; भिंतींना काहीतरी मऊ लागलेलं हवं होतं. "मऊ कायले शोधता?" हंसाबाई म्हणाल्या. "कापूस हाय ना." तांड्यावरच्या इतर घरांसारखाच गुरुजींच्या मागच्या खोलीतही कापूस भाव वाढायची वाट बघत बसला होता. पार खिडकीच्या वरपर्यंत. गुरुजींनी मधोमध दोन माणसं बसतील एवढी खोपी केली, दाराला गोधडी लावली, आत उभं राहून टाळी वाजवून पाहिली आणि टाळी जिथल्या तिथे मेली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी चार टाळ्या वाजवल्या. मग खाज सुटली. घरात साठवलेल्या कापसाची खाज ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळायची नाही. फोन विमानात बसल्यावर करतात तसा बंद करून, रेकॉर्डिंग चालू करून, गुरुजींनी तो सुतळीनं हंसाबाईंच्या गळ्यात बांधला. "हात लावू नको. चालूच राहू दे," असं बजावलं. कुणी मध्येच येऊ नये म्हणून पुढचं दार आतून लावून घेतलं.

राहिलं रडणं. त्यासाठी हंसाबाईंनी स्वतःच रुपीबाईंना बोलावलं होतं. रुपीबाई तांड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, सगळे त्यांना रुपी याडी म्हणत. बंजाऱ्यांत याडी म्हणजे आई. मुलगी सासरी निघताना रडत रडत जे गाते, तो ढावलो रुपी याडीसारखा कुणाला येत नव्हता. त्यांचा ढावलो ऐकून एकदा नवरदेवच सासरी राहायला तयार झाला होता, असं सांगतात.

"रडनं एकटीचं काम नोहे, बाई," रुपी याडी म्हणाल्या. "गळ्यात गळा पाह्यजे." आणि हंसाबाईंच्या गळ्यात पडून त्यांनी सुरू केलं. काय तो आवाज! आधी आईची आठवण, मग बापाची, मग भावांची वयाप्रमाणे, मग अंगणातल्या तुळशीची, मग ज्या बैलगाडीतून त्या सासरी आल्या त्या गाडीच्या बैलांची. गुरुजींच्या डोळ्यांना धार लागली. हंसाबाई मात्र कोरड्या ठक्क. एकदा धरलेला ढावलो मध्येच तोडायचा नसतो, त्यामुळे रुपी याडी थांबेनात. गुरुजी समोर बसून एका हातानं डोळे पुसत होते, दुसऱ्यानं पाठ खाजवत होते, आणि हंसाबाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"तुमी अगुदर भायेर जा," हंसाबाई एकदम म्हणाल्या. "तुमी असे मास्तरावानी पाहून राह्यले तर मले काय रडू येईन? जा वावरात. सांजपर्यंत तोंड दाखवू नोका!"

गुरुजींना ते लागलं. जबाबदारी ज्याची, त्यालाच हाकललं! त्यांच्या चपला पुढच्या दारासमोर होत्या आणि ते दार लावलेलं. मागच्या दाराशी हंसाबाईंच्या चपला होत्या, त्या त्यांनी पायात अडकवल्या. उन्हाचं डोक्याला पंचा गुंडाळला आणि ते ताठ मानेनं वावराकडे निघाले. मागून हंसाबाईंनी कडी घातल्याचा आवाज आला.

वावरात तुरीच्या गंजीला टेकून ते बराच वेळ रुसून बसले. पण रुसवा काढायला कुणी येणार नसेल तर त्यात फार वेळ दम राहत नाही. त्यांच्या मनात येऊ लागलं, की आपण त्या बाईला आजवर कधी रडवलं नाही हे चांगलंच झालं. पण आपल्यासाठी रडावं असं तरी काय केलं? मग ती रडणार कशी? मुंबईची बाई येईल. नावांच्या ओळीतून हंसाबाईंचं नाव जाईल. त्या पुन्हा निवडलेले तांदूळ निवडतील आणि ‘मले का पोट भरा लागते’ म्हणतील. हे काही गुरुजींना बसल्या जागी सोसवेना. ते उठले आणि परत फिरले.

घराच्या मागचं दार बंदच होतं, म्हणून ते वळसा घालून पुढे आले आणि थबकले. घरासमोर निम्मा तांडा जमला होता. शिवाय मुकुटबनची माणसं होती. सगळे गप्प, खाली मान घातलेले. कडेला एक अनोळखी माणूस उभा होता, त्याला गुरुजींनी हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

"आडे गुरुजी," तो मागे न बघता म्हणाला.

गुरुजींना आधी वाटलं, दुसरे कुणी आडे गुरुजी असतील. झरी जामणीकडे एक होते. मग त्यांना आपल्याच दारात टेकवून ठेवलेले हिरवे बांबू दिसले. मग त्यांच्या ध्यानात सगळा हिशेब आला. छातीतली धडधड तांड्याला माहीत. गिरणी बंद, आणि ती का बंद ते सांगू शकणारा रामराव वणीला गेलेला. आपल्याकडे गिरणी दुपारची बंद असते ती शेजारी कुणी गेल्यावरच. गुरुजींच्या चपला दारात, दाराला आतून कडी, फोन लागत नाही, आणि आतून रुपी याडीचा आवाज. तो ढावलो आहे हे तांड्यातल्या बाईला एरवी पहिल्या सुरात कळलं असतं. पण मधे कापूस होता. त्यातून गाळून आलं ते नुसतं रडणं.

आता पुढे होऊन ‘मी इथं आहे’ म्हणायला हवं होतं. पण डोक्याला पंचा, तोंडाला कापूस आणि खाजवून लाल झालेलं नाक, अशा अवतारात गुरुजींना कुणी ओळखत नव्हतं, आणि लोक बोलत होते ते ऐकायचा मोह झाला. कोणत्या माणसाला होणार नाही?

"मानूस सोन्यावानी होता," एक जण म्हणाला. गुरुजींना बरं वाटलं.

"हाव, पन बोलाले लागला का थांबत नोता."

"आता सव्वीस जानेवारीले पोट्टे लवकर घरी जातीन," तिसरा म्हणाला, आणि त्या दुःखातही दोघांना हसू दाबावं लागलं.

आपण मेलो ते बरंच झालं, असं गुरुजींना वाटलं. तेवढ्यात लालसिंगनं दार वाजवलं. "वैनी! दार उघडा. आमी समदे आलो हाओ. अंजूलेही फोन केला." आतला ढावलो थांबला. कडी निघाली आणि हंसाबाई पायरीवर आल्या. केसांत कापूस, गळ्यात सुतळीनं बांधलेला फोन. एवढी माणसं बघून त्या बावरल्या. लालसिंगनं त्यांच्यासमोर हात जोडले आणि त्याला हुंदका फुटला. "वैनी, गुरुजी असे कसे गेले हो!"

ज्या माणसाला आपण तासाभरापूर्वी वावरात हाकलून दिलं, त्याचीच ही बातमी घेऊन लोक आले आहेत, एवढंच हंसाबाईंना समजलं. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर गेला. आणि मग तो आवाज निघाला.

"अरे, मले टाकून कुठं गेला रे तू!"

गुरुजींनी तो गर्दीच्या मागून ऐकला. इतक्या वर्षांच्या संसारात हंसाबाईंनी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. ‘गुरुजी’ म्हणायच्या, नाही तर ‘ऐकलं का’. त्या आवाजात काय होतं ते सांगता यायचं नाही. बांबू आणणारे दोघं खालीच बसले. ज्यांचं बोलणं थांबत नाही असं नुकतंच ठरलं होतं, त्या गुरुजींच्या तोंडून ‘मी हाय’ एवढे दोन शब्द निघेनात. ते नुसते लोकांना ढकलत पुढे झाले आणि डोक्याचा पंचा काढून पायरीखाली उभे राहिले.

कुणीतरी किंकाळी फोडली. हंसाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी आधी गुरुजींचं तोंड पाहिलं, मग छाती, मग सावकाश नजर खाली गेली ती पायांपर्यंत.

"माह्या चपला!" त्या ओरडल्या. "अवो, इथं जीव जाऊन राह्यला माहा, अन् तुमी माह्या चपला घालून मयत पाहून राह्यले? लाज नाई वाटत? थांबा, येऊनच राह्यली मी!"

आणि त्या खरंच आल्या. तीन पायऱ्या दोन पावलांत उतरून त्यांनी गुरुजींना खांद्याला धरून गदागदा हलवलं, आणि मग तेच हात त्यांच्या केसांतला, भुवयांतला कापूस वेचू लागले. सगळ्या तांड्यादेखत. थांबेचनात.

पुढे मयताचं काय करायचं हा प्रश्न उरला. मयताला आलं की अंघोळ करून घरात जायचं असतं. पण कुणी मेलंच नाही तर अंघोळ लागते की नाही, यावर दोन तट पडले. रुपी याडींनी निकाल दिला, की ज्याची खोटी बातमी उठते त्याचं आयुष्य वाढतं, अंघोळ नको, चहा घ्या. मुकुटबनकर बांबू परत न्यायला निघाले तर लालसिंग म्हणाला, "राहू द्या. वैनीले वालाच्या मांडवाले होतीन." अंजू वणीहून रडत आली तेव्हा वडील ओसरीवर बशीत ओतून चहा पीत होते. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली, मग त्यांच्यावर भडकली, आणि मग तिनं आईच्या गळ्यातला फोन सोडवला. तो अजून चालूच होता.

लोक पांगल्यावर घरातल्या घरात त्यांनी ते ऐकलं. रुपी याडीचा लांबलचक ढावलो, कडीचा आवाज, लालसिंगचा हुंदका, आणि मग ते. त्याच्या पाठोपाठ चपलांवरून झापणं.

"बाबा, हेच पाठवाचं," अंजू हळूच म्हणाली.

"नाई," गुरुजी म्हणाले. "हे नाई पाठवाचं."

"काहून?"

"हे... हे घरचं हाय." त्यांनी फोन अंजूच्या हातातून काढून बुशशर्टाच्या खिशात घातला आणि वर हात ठेवला. आजवर मिळालेले सगळे हार, नारळ, शाली एका पारड्यात टाकल्या असत्या तरी त्यांनी तो खिशातून काढला नसता. ही एक गोष्ट पोरासोरांनी वडे खात टीव्हीवर ऐकायची?

हंसाबाई उठल्या आणि समोर येऊन उभ्या राहिल्या. "रडली कोन?"

"तू."

"गळा कोनाचा?"

"तुहाच."

"मंग नाई म्हननारे तुमी कोन? द्या इकडे." गुरुजींचा हात हलला नाही, तशा त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते पोट्टं चाललं म्हनून आजी रडून राह्यली, असंच समजतीन लोकं. खरं काय ते आपल्याले ठाव. तेवढं पुरत नाई का तुमाले?"

पुरत होतं. गुरुजी स्वतः छतावर गेले, टाकीजवळ एकच जागा आहे जिथे इंटरनेट येतं, आणि फोन आभाळाकडे धरून रेकॉर्डिंग जाईपर्यंत उभे राहिले.

साहेबांनी ते ऐकलं आणि मुंबईच्या बाईला त्याच दिवशी नकार कळवला. इंद्रजीत सांगत होता, की रेकॉर्डिंगच्या शेवटी पायऱ्या उतरल्याचा आवाज आला म्हणून साहेबांनी चित्रवाल्यांना नवं काम लावलं. महिना-दीड महिन्यानं तो भाग लागला, तेव्हा गुरुजींच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बंटू सामान घेऊन निघाला. खिडकी उघडली. आजी रडली. सगळा तांडा, खरं काय ते डोळ्यांनी पाहिलेला तांडा, पुन्हा एकदा रडला. मग बंटू चेंडूसाठी परत आला, आजीनं चपला आणि मयत वगळून झापलं, खिडकी बंद झाली, आणि खालचं दार उघडून आजी पहिल्यांदा गल्लीत आली. तिला पाय होते. चांगले दणकट पाय होते. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. नावांची ओळ आली तेव्हा हंसाबाई पदराआडून बघत होत्या, आणि या वेळी ओळ कुणी थांबवली नाही तरी त्यांना ती वाचता आली.

चार दिवसांनी वणीहून एका वर्तमानपत्राचा वार्ताहर मुलाखत घ्यायला आला. गुरुजींनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला, दाढी केली. आपलं नाव छापून यायची वेळ एवढ्या उशिरा का होईना आली, हे त्यांना दिसत होतं. लालसिंग, रामराव, रुपी याडी, सगळे येऊन बसले. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर वार्ताहर म्हणाला, "आजी, इतकं खरं रडणं! रडताना तुमच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी कॉलर नीट केली.

"बकरी," हंसाबाई म्हणाल्या.

"बकरी?"

"हाव. होती एक. मेली बिचारी." आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या.

लालसिंगला चहाचा ठसका लागला. वार्ताहर लिहून घेत होता. गुरुजींनी तोंड उघडलं. या घरात आजवर बकरीच नव्हती, हे त्यांना सांगायचं होतं; बातमी चुकीची छापली जाऊ नये ही शिक्षकाची जबाबदारीच असते. त्यांनी हंसाबाईंकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"लिहा, साहेब," गुरुजी म्हणाले. "लय गुनाची बकरी होती."